पहिल्या शब्दाआधीचे वर्ष

बाळाचा पहिला शब्द साधारण वर्षाच्या आसपास येतो. घरातले लोक त्याच्या भाषेची सुरुवात तिथून धरतात. मेंदूच्या हिशेबाने मात्र तोवर निम्मे काम उरकलेले असते. आपल्या लोकांच्या बोलण्यात कोणते ध्वनी येतात, बोलण्याची चाल कशी आहे, सलग बोलण्यात एक शब्द कुठे संपून दुसरा कुठे सुरू होतो, हे सगळे बाळ एक शब्दही न बोलता शिकलेले असते. आधी मेंदू तयार होतो आणि मग त्यात भाषा भरली जाते, असे घडत नाही. भाषा कानावर पडत राहते तसतसे मेंदूतले तिचे भाग आकाराला येतात. म्हणून बोलणे फुटण्याआधीचे हे वर्ष भाषेच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे आहे, आणि नेमके तेच सर्वांत दुर्लक्षित राहते.

पोटात ऐकलेली चाल

गर्भाचे कान सुमारे २५व्या आठवड्यात काम करू लागतात. पोटात शांतता नसतेच. आईच्या हृदयाचे ठोके, रक्ताचा प्रवाह, आतड्यांची गुरगुर अखंड चालू असते. बाहेरचा आवाज ऊतींतून आणि गर्भजलातून आत येताना त्यातला उंच पट्टीचा भाग अडतो व खालच्या पट्टीचा भाग पोहोचतो. त्यामुळे व्यंजने पुसट होतात, पण बोलण्याची लय, आवाजाचा चढउतार आणि वाक्याच्या शेवटी येणारा विसावा आत ऐकू येतो. आईचा स्वतःचा आवाज तर तिच्या हाडामांसातूनही उतरतो, म्हणून तो इतरांच्या आवाजापेक्षा ठळक असतो.

हे ऐकणे वाया जात नाही, हे दाखवणारा प्रयोग अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर यांनी १९८० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केला. जेमतेम दोन-तीन दिवसांच्या बाळांना दाब मोजणाऱ्या यंत्राला जोडलेले चोखणे दिले होते. एका तालात चोखले की आईचा आवाज ऐकू येई, दुसऱ्या तालात चोखले की परक्या बाईचा. बाळांनी आपला चोखण्याचा ताल आईच्या आवाजाकडे वळवून घेतला. पुढे १९८६ मध्ये डीकॅस्पर यांनी मेलनी स्पेन्स यांच्याबरोबर गरोदर बायकांना शेवटच्या सहा आठवड्यांत रोज एक बालकथा मोठ्याने वाचायला सांगितली. जन्मानंतर त्या बाळांनी नव्या कथेपेक्षा पोटात ऐकलेली कथा पसंत केली, वाचणारी बाई दुसरी असली तरीही. फ्रान्समध्ये जाक मेलेर यांच्या गटाला चार दिवसांची फ्रेंच बाळे फ्रेंच आणि रशियन यांत फरक करताना आढळली. आवाज गाळून शब्द ओळखता येणार नाहीत, फक्त चाल उरेल असे केले, तरी त्यांना फरक कळत होता.

रडण्यातही ही चाल उतरते. जर्मनीतल्या व्यूर्त्सबुर्ग येथील काथलेन व्हेर्मके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ३० फ्रेंच आणि ३० जर्मन नवजात बाळांच्या रडण्याचे ध्वनिमुद्रण तपासले. फ्रेंच बाळांचा सूर खालून वर चढत जाणारा होता, तर जर्मन बाळांचा वरून खाली उतरणारा. दोन्ही भाषांतल्या बोलण्याची चाल साधारण तशीच आहे.

त आणि ट

‘ताक’ आणि ‘टाक’ यांतला फरक मराठी माणसाला सहज ऐकू येतो. जिभेचे टोक दातांना टेकले की त, मागे वळून टाळूला लागले की ट. इंग्रजीत या दोन ध्वनींनी शब्दाचा अर्थ बदलत नाही, म्हणून इंग्रजी मातृभाषा असलेल्या प्रौढाला दोन्ही बहुधा सारखेच वाटतात. अर्भकांच्या भाषाभ्यासातला सर्वांत महत्त्वाचा शोध याच जोडीवर लागला, आणि तो कॅनडात लागला.

जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी हिंदीतले त आणि ट इंग्रजी घरांतल्या बाळांना ऐकवले. बोलता न येणाऱ्या बाळाला दोन ध्वनी वेगळे वाटतात की नाही, हे ओळखण्याची रीत अशी: बाळ आईच्या मांडीवर बसते. समोर बसलेली सहायक हातातले खेळणे हलवून त्याचे लक्ष धरून ठेवते. बाजूच्या लाउडस्पीकरमधून एकच अक्षर पुन्हा पुन्हा येत राहते आणि मधेच ते बदलते. बदल झाल्याबरोबर बाळाने मान वळवली, तर काळसर काचेच्या पेटीत दिवा लागतो आणि आतले खेळण्यातले जनावर ढोल वाजवू लागते. हे बक्षीस बाळाला इतके आवडते की थोड्याच वेळात ते बदलाची वाट पाहू लागते. आईच्या आणि सहायकाच्या कानांवर हेडफोन असतात, त्यात गाणी चालू असतात. आईला अक्षर ऐकू आले तर तिच्या अंगाच्या किंचित हालचालीवरूनही बाळाला सुगावा लागेल, म्हणून ही खबरदारी.

१९८४ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष स्वच्छ होता. सहा ते आठ महिन्यांच्या इंग्रजी घरांतल्या बहुतेक बाळांना त आणि ट वेगळे ऐकू येत होते. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी फार थोड्यांना तो फरक कळला. हिंदी ऐकत वाढणाऱ्या वर्षाच्या बाळांना मात्र तो कळत होता. कॅनडातल्या एका मूलनिवासी भाषेतले घशाजवळचे दोन ध्वनी घेऊन केलेल्या प्रयोगातही हेच दिसले. पुढे पॅट्रिशिया कूल यांच्या गटाने अमेरिकी आणि जपानी बाळांना र आणि ल ऐकवले. सहा ते आठ महिन्यांत दोघे बरोबरीत होते. दहा ते बारा महिन्यांत अमेरिकी बाळे सुधारली आणि जपानी बाळे मागे पडली, कारण जपानी भाषा र आणि ल यांत भेद करत नाही.

तेव्हा जन्मतः बाळाचे कान जगातल्या बहुतेक भाषांना खुले असतात आणि पहिल्या वर्षाच्या उत्तरार्धात ते घरच्या भाषेकडे वळतात. याला तोटा समजणे चूक आहे. जे ध्वनी घरात कधी अर्थ बदलत नाहीत, त्यांच्यावर लक्ष खर्च करणे थांबते म्हणूनच घरच्या ध्वनींची ओळख पक्की होते. ज्या बाळांची मातृभाषेतली ध्वनींची पारख सात-आठ महिन्यांत चांगली असते, त्यांची शब्दांची वाढ पुढच्या दोन वर्षांत सहसा वेगाने होते, असे कूल यांच्या सिअॅटलमधील अभ्यासांत दिसले आहे.

सुरुवातीला ऐकलेले पुरते पुसलेही जात नाही. चीनमध्ये जन्मलेल्या आणि तान्हेपणीच माँट्रियलमधल्या फ्रेंच भाषक घरांत दत्तक आलेल्या मुलींच्या मेंदूची २०१४ मध्ये तपासणी झाली. त्या नऊ ते सतरा वर्षांच्या होत्या आणि चिनी भाषेचा एक शब्दही त्यांना आठवत नव्हता. तरी चिनी सुरावटीचे ध्वनी ऐकताना त्यांच्या मेंदूचा डावा भाग चिनी बोलणाऱ्या मुलींसारखाच जागा होत होता.

कवटीच्या आत

जन्माच्या वेळी मेंदूचे वजन प्रौढ मेंदूच्या सुमारे पाव असते आणि दोन वर्षांत ते ८० टक्क्यांच्या आसपास पोहोचते. न्यूरॉन, म्हणजे चेतापेशी, बहुतेक सगळ्या जन्माआधीच तयार असतात. नंतर वाढतात ते त्यांचे फाटे आणि त्यांच्यातले सांधे, म्हणजे सिनॅप्स. शिकागोचे पीटर हटनलॉकर यांनी मृत मुलांच्या मेंदूंतले सिनॅप्स सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. ऐकण्याच्या भागात ते तीन महिन्यांच्या सुमारास सर्वांत दाट होतात, तर कपाळामागच्या भागात ती वेळ वर्ष उलटल्यावर येते. मग छाटणी सुरू होते. नाशिककडचा द्राक्ष बागायतदार वेलीच्या कोणत्या काड्या ठेवायच्या हे पाहून बाकीच्या उतरवतो, तसे वापरात असलेले सांधे टिकतात आणि न वापरलेले जातात. त आणि ट यांतला भेद टिकणार की विरणार, हे ठरण्यात अशा निवडीचा हात असावा असे मानले जाते.

दुसरा बदल वेगाचा. चेतातंतूंवर मायलिन या स्निग्ध द्रव्याचे आवरण चढते आणि संदेश कित्येक पटींनी जलद जातो. बोलणे ही मिलिसेकंदांची बाब आहे. ब आणि प यांतला फरक मुख्यतः ओठ उघडणे आणि कंठ निनादू लागणे यांमधल्या काही शतांश सेकंदांचा असतो, आणि एक महिन्याच्या बाळालाही तो टिपता येतो, हे पीटर आयमस यांनी १९७१ मध्येच दाखवले होते.

भाषेची कामे डाव्या बाजूला अधिक होतात, ही गोष्ट पॉल ब्रोका यांच्यापासून, म्हणजे १८६० च्या दशकापासून माहीत आहे. ती बोलणे शिकल्यावर येत असेल, असा अनेकांचा समज होता. पॅरिसच्या गिलेन दहेन-लांबेर्त्स यांनी दोन-तीन महिन्यांच्या बाळांना एमआरआय यंत्रात निजवून बोलणे ऐकवले, तेव्हा डाव्या कानशिलामागचा भागच अधिक जागा झाला. मागचा ऐकण्याचा भाग आणि पुढचा बोलण्याचा भाग यांना जोडणाऱ्या तंतूंच्या जुडग्यांपैकी काही जन्मतः तयार असतात. गुंतागुंतीची वाक्ये समजायला लागणारे जुडगे मात्र पुढे कित्येक वर्षे पक्व होत राहते. वर्षाच्या बाळाला शब्द कळतात आणि वाक्यरचनेची खरी पकड नंतर येते, याचा या उशिराशी संबंध आहे.

मेंदूचे काम टिपणाऱ्या सिअॅटलमधल्या एमईजी यंत्रात बाळाला निजवावे लागत नाही. ते खुर्चीत बसते, डोक्यावर मोठे शिरस्त्राण असते, यंत्राचा आवाज होत नाही आणि समोर कोणी तरी खेळणी नाचवत असते. २०१४ च्या अशा एका अभ्यासात सात महिन्यांच्या बाळांना नुसती अक्षरे ऐकवली, तेव्हा ऐकण्याच्या भागाबरोबर तोंडाच्या हालचालींची आखणी करणारे भागही जागे झाले. बाळ ऐकता ऐकता, तसे कसे बोलता येईल याची तालीम मेंदूत करत असते.

सलग बोलण्यातून सुटलेला शब्द

लिहिताना शब्दांमध्ये जागा सोडतात, बोलताना सोडत नाहीत. ‘बाळाचीआजीकुठेआहे’ असाच तो प्रवाह असतो. जेनी सॅफ्रन, रिचर्ड अॅस्लिन आणि एलिसा न्यूपोर्ट यांनी १९९६ मध्ये आठ महिन्यांच्या बाळांना तीन-तीन अक्षरांच्या बनावट शब्दांची सलग, एकसुरी माळ फक्त दोन मिनिटे ऐकवली. त्यात विराम किंवा आघात काहीच नव्हते. तरी कोणती अक्षरे नेहमी एकापाठोपाठ येतात आणि कोणती क्वचित, हे बाळांनी टिपले होते. मोजदाद चालली आहे याची बाळाला कल्पना नसते, पण मोजदाद चालते.

स्वतःचे नाव या प्रवाहातून फार लवकर सुटते. साडेचार महिन्यांचे बाळ ते इतर नावांहून वेगळे ओळखते. सहा ते नऊ महिन्यांत खाण्याच्या काही वस्तूंची आणि अवयवांची नावे अंधुकपणे कळू लागतात. नाव उच्चारले की डोळे त्या चित्राकडे थोडे अधिक वेळ रेंगाळतात, एवढीच त्याची खूण. घरच्यांना ती सहसा दिसत नाही आणि ‘त्याला काय कळतंय’ असे म्हणून बाळासमोर बोलणे कमी केले जाते. ही समजूत मोडायला हवी.

समोरचे माणूस

कूल यांचा २००३ चा प्रयोग भाषा शिकण्याच्या मुळाशी जातो. नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांशी चिनी बोलणाऱ्या व्यक्ती महिनाभरात १२ वेळा, प्रत्येक वेळी सुमारे २५ मिनिटे, पुस्तके आणि खेळणी घेऊन बोलल्या. शेवटी ही बाळे चिनी ध्वनींतला एक अवघड भेद जवळजवळ तैवानमधल्या बाळांइतकाच ओळखू लागली. दुसऱ्या गटाने त्याच व्यक्ती, तेच बोलणे, तेवढाच वेळ दूरदर्शन संचावर पाहिले. तिसऱ्याने नुसते ऐकले. या दोन्ही गटांतली बाळे काहीच शिकली नाहीत. पडद्याकडे ती टक लावून पाहत होती, तरीही.

फरक कशाने पडतो, याचा एक धागा मायकेल गोल्डस्टीन यांच्या कामात मिळतो. आठ महिन्यांची बाळे आणि त्यांच्या आया खेळत असताना आयांना हेडफोनवरून सूचना दिल्या गेल्या. काहींनी बाळाने आवाज काढल्याबरोबर हसायचे, जवळ सरकायचे, हात लावायचा. इतरांनी तेवढ्याच वेळा तेच करायचे, पण बाळाच्या आवाजाशी त्याचा मेळ नसे. ज्यांना वेळेवर दाद मिळाली, त्या बाळांचे आवाज काही मिनिटांतच अधिक अक्षरांसारखे झाले. शिकवते ती ही दाद.

मराठी घरात ही दाद सकाळच्या न्हाणीतच मिळते. तान्ह्याला पायांवर घेऊन तेल लावताना आजी किंवा न्हाऊ घालणारी बाई हातांबरोबर तोंडही चालू ठेवते. ‘आता पाय कोणाचा? माझ्या सोन्याचा!’ असे विचारायचे, बाळाने हुंकार दिला की थांबायचे, मग पुन्हा पुढे. स्वर लांबवलेले, पट्टी उंच, वाक्ये छोटी आणि पुन्हा पुन्हा तीच. अशा बोलण्याकडे बाळे अधिक लक्ष देतात, हे अनेक देशांतल्या प्रयोगशाळांनी पडताळले आहे. कूल यांच्या गटाने अमेरिका, रशिया आणि स्वीडनमधल्या आयांचे ध्वनिमुद्रण तपासले, तेव्हा तिन्ही ठिकाणी बाळाशी बोलताना स्वर अधिक स्पष्ट व ताणलेले आढळले.

या बोलीचा अभ्यास मराठीत लवकर झाला, याचा अभिमान वाटावा. पुण्याचे भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकर यांचा मराठी बालबोलीवरचा इंग्रजी निबंध १९६४ चा आहे. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन यांनी सहा भाषांतल्या बालबोलींची तुलना केली, त्यांत एक मराठी होती. भूभू, माऊ, चिऊ, काऊ, मंमं, जोजो यांसारखे शब्द बाळ बनवत नाही, मोठी माणसे ते त्याच्यासाठी राखून ठेवतात. एकच अक्षर दोनदा, सोपी व्यंजने, घरातले प्राणी, खाणे, झोप आणि नाती, अशी त्यांची घडण दूरदूरच्या भाषांत सारखी निघाली. असे बोलल्याने मूल बोबडे राहते, ही भीती निराधार आहे.

मोबाइलवर बालगीते लावून बाळाला भरवण्याची सवय आता खेड्यांतही आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला स्पष्ट आहे: दोन वर्षांच्या आत पडदा नको, नातेवाइकांशी अधूनमधून होणारा व्हिडिओ कॉल तेवढा चालेल. ही सवलत सयुक्तिक आहे. कॉलवरची साताऱ्याची आजी न्यू जर्सीतल्या नातवाच्या आवाजाला उत्तर देते, गाण्याचा व्हिडिओ देत नाही.

दोन भाषांचे घर

घरात अहिराणी, मालवणी, गोंडी किंवा भिली, बाहेर मराठी, शेजारी हिंदी, अशा परिस्थितीत बाळ गोंधळते असे सांगणारे अजून भेटतात. गरोदरपणी दोन भाषा बोलणाऱ्या आईचे बाळ जन्मतःच त्या दोन भाषा वेगळ्या ओळखते. सिअॅटलमध्ये स्पॅनिश आणि इंग्रजी ऐकणाऱ्या ११ महिन्यांच्या बाळांचे मेंदू दोन्ही भाषांच्या ध्वनींना प्रतिसाद देत होते. अशा मुलाचे शब्द मोजायचे तर दोन्ही भाषांतले मिळून मोजावेत. शाळेसाठी म्हणून आईने स्वतःची बोली सोडून अडखळत्या इंग्रजीत बाळाशी बोलणे, हा बाळाचे बोलणे आटवण्याचा मार्ग आहे.

उशीर झाला तर

हा काळ किती ताणता येतो, याचे उत्तर दुःखद प्रसंगांतून मिळाले. रुमानियातल्या अनाथाश्रमांत मुलांना खाणे मिळे, पण बोलणारे कोणी नसे. २००० नंतर बुखारेस्टमध्ये अशा १३६ मुलांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निवडून पालक-घरांत ठेवले गेले. १५ महिन्यांच्या आत घर मिळालेल्यांची भाषा पुढे जवळपास इतर मुलांसारखी झाली. दोन वर्षांनंतर गेलेली मुले आश्रमात राहिलेल्यांइतकीच मागे होती.

ऐकू न येणाऱ्या बाळाच्या बाबतीत घर भरलेले असते, पण बोलणे मेंदूपर्यंत पोहोचत नाही. दर हजार बाळांपैकी एक ते दोन बाळांना जन्मतः लक्षणीय बहिरेपणा असतो. तो सहज लक्षात येत नाही, कारण असे बाळही पहिले काही महिने हुंकार देते. बा-बा, दा-दा अशी स्पष्ट अक्षरे मात्र त्याच्याकडून वेळेवर येत नाहीत. घरात ताट वाजवून पाहिले तर ते जमिनीच्या कंपनाने किंवा हाताच्या सावलीनेही वळते आणि सगळे निर्धास्त होतात. दोन वर्षे झाली तरी ‘याचा बापही उशिरा बोलला होता’ हे उत्तर तयार असते.

खरी तपासणी काही मिनिटांची आहे. दूध पिऊन झोपलेल्या बाळाच्या कानात छोटी नळी बसवून बारीक टिकटिक सोडतात. आतल्या कानाच्या पेशी निरोगी असतील तर त्या स्वतः एक अतिसूक्ष्म ध्वनी परत पाठवतात, तो यंत्र टिपते. ही ओएई तपासणी. शंका आली, किंवा बाळ काचेच्या पेटीत राहिले असेल, कावीळ फार वाढली असेल, वजन दीड किलोहून कमी असेल किंवा घराण्यात बहिरेपण असेल, तर कपाळावर आणि कानामागे तारा लावून ‘बेरा’ करतात. त्यात आवाज मेंदूपर्यंत जातो का, ते कळते. जगभर मानलेला क्रम असा: पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत श्रवणयंत्र आणि उपचार. कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायचे यंत्र, साडेतीन वर्षांच्या आत बसले तर मेंदूचा प्रतिसाद बहुधा वयानुरूप होतो, सात वर्षांनंतर तसा होत नाही, हे अनु शर्मा यांच्या अभ्यासांनी दाखवले. कानांऐवजी डोळ्यांनीही भाषा येते. जन्मापासून खुणांची भाषा पाहणारी बहिरी बाळे हातांनी बडबडतात, आणि त्यांचा मेंदूही भाषेत वाढतो. भाषेविना ठेवलेले वर्ष तेवढे भरून येत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरमधून सुरू झाला आणि त्याच्या यादीत जन्मजात बहिरेपण आहे. त्याची पथके अंगणवाड्यांत येतात, पुढचे उपचार जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात होतात, आणि वांद्र्याची अली यावर जंग संस्था याच कामासाठी आहे. तरी पहिले पाऊल घरच्यांनाच टाकावे लागते. बाळंतिणीला घरी नेताना सुटीच्या कागदावर बाळाच्या कानांची तपासणी लिहिलेली आहे का ते पाहावे. नसेल तर डॉक्टरांकडे ती मागावी, आणि पहिला महिना संपायच्या आत करून घ्यावी.